जवळ येऊन बोलणारी सुलभावहिनी

दुपारची वेळ होती. मी इथे आखातात, जुफैरच्या ऑफिसात कुणाला तरी मेल लिहीत होते आणि सुलभावहिनीच्या नवऱ्याचा, वसंतदादांचा फोन आला. दादा कामगारांची बस चालवतात. अस्करची शेवटची फेरी मारून आले की ते 'खलास' म्हणतात आणि बूट काढतात. फोनवरही तेवढंच म्हणाले, "खलास..." मला काही उमगेना. मग म्हणाले, "आपली सुलभा गेली गो." त्याला आता दीड-दोन महिने झाले. अंत्यसंस्कार इथेच झाले, पुण्याहून त्यांची मुलगी येऊन परत गेली, आणि मला मात्र अजून जिन्यात तिची चाहूल लागल्यासारखं वाटतं.

सुलभावहिनी माझी सख्खी वहिनी नव्हे. ईसा टाउनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, मूळची चिपळूणकडची. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तिनेच मला मासळीबाजार दाखवला. तिला लांबून बोलताच येत नसे. मनगट धरायची, ओढून जवळ घ्यायची आणि कानाशी तोंड आणून एखादं मोठं गुपित सांगावं तसं सांगायची, "आज सुरमय ताजी नाय, घेव नको." माझ्या नवऱ्याला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. तो मागे सरकायचा, ती पुढे सरकायची आणि शेवटी तो भिंतीला टेकायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. वहिनी सगळ्यात मोठ्यानं हसायची, अगदी दाढा दिसेपर्यंत.

मग एकदा तांदळाची पिशवी उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि मणका दबला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी सुरू झाली. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. वहिनीनं शुक्रवारची सकाळ ठरवली. तो अर्धा तास उभ्याउभ्या काढायचा तर करायचं काय, म्हणून ती मला फोन करायची. शुक्रवारी इथे सुट्टी; त्या दिवशी झोपमोड झाली म्हणून मी करवादले की म्हणायची, "माझ्या हाडांना खत घातलंय, तोवर बोल तरी." पाठ खरंच सुधारली. काही वर्षं ती गोळी इमानेइतबारे घेतली आणि पुन्हा मणका दबला नाही. म्हणून त्या गोळीवर धड रागावताही येत नाही मला.

आखातातली आपली माणसं दातांची सगळी दुखणी सुट्टीवर ढकलतात. इथे लवंग धरायची, वेदनाशामक खायची आणि गावी गेलं की सगळं एकदम उरकायचं. वहिनीनंही तेच केलं. गावाकडच्या डॉक्टरांनी दाढ काढण्याआधी विचारलं होतं, बीपी, शुगर, काही गोळ्या चालू आहेत का? ती नाही म्हणाली. खोटं बोलली नव्हती ती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, खत होतं! आणि दाताच्या डॉक्टरला पाठीच्या गोळीचं कशाला सांगायचं, असं आपल्यापैकी कुणालाही वाटलं असतं.

दाढेची जागा भरलीच नाही. परत आली तेव्हा जिभेला काहीतरी खरखरीत लागतंय म्हणायची. आरशात पाहिलं तर हिरडीतून पांढरं हाड डोकावत होतं. प्रतिजैविकं झाली, गुळण्या झाल्या. शेवटी जबड्याच्या एका वयस्क सर्जननी सगळी औषधं विचारून घेतली आणि आम्हाला समजावलं. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्याबरोबर हाडाची स्वतःची डागडुजीही मंदावते. फार थोड्या लोकांच्या बाबतीत, दाढ काढल्यावर जबड्याचं उघडं पडलेलं हाड भरून न येता मरतं. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "मी जिती आणि हाड मेलंय, असं कसं गो?"

मेलेला तुकडा काढला, तरी पू होत राहिला. खाणं पेजेवर आलं. पण तिला खाण्यापेक्षा दुसरंच काही खात होतं. तोंडाला वास येत होता. खोटं कशाला सांगू, येत होता. ती ओढणी तोंडावर धरून बोलू लागली. मग दाराआडून. मग फोनवरच, एकाच इमारतीत राहून! मी वर गेले की हातानंच 'तिथेच थांब' म्हणायची. दादांची उशीसुद्धा तिनं हॉलमध्ये नेऊन टाकली. जी बाई माणसाला भिंतीला टेकवून बोलायची, तिनं सगळ्या माणसांना हात हात लांब केलं. मी भांडले, रडले. तिनं ऐकलं नाही. अंग झिजत गेलं, ताप आला, तो छातीत उतरला आणि हॉस्पिटलमधून ती परत आलीच नाही.

गेल्या शुक्रवारी डबा घेऊन वर गेले तर जिन्यातच करपल्याचा वास आला. मी दार बडवलं. दादांनी शांतपणे उघडलं. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, दूध पार जळून पातेलं काळं पडलं होतं, आणि इतका वेळ दादा शेजारच्या खोलीत मोबाइलवर बातम्या ऐकत बसले होते.

"दादा, अहो, दूध लागलं! वास नाही आला?"

"मला कुठला वास येतोय?" त्यांनी खिडकी उघडली. "कोरोना झाला तेव्हापासून गेलाय तो. फुलाचा नाय, माशाचा नाय."

मी गॅस बंद केला. "वहिनीला सांगितलं नव्हतं?"

"किती वेळा सांगितलं. शपथ घेतली. तिला वाटायचं, मी तिची समजूत काढतोय..." त्यांनी जळलेलं पातेलं सिंकमध्ये ठेवलं. "मला खरंच येत नव्हता गो."

हॉलमध्ये सोफ्यावर त्यांची उशी होती, नीट घडी घातलेली चादर होती. आतला पलंग रिकामा. मी म्हटलं, "दादा, आता तरी आत झोपा."

"बरी झाले की बोलावते, म्हणाली व्हती," दादा म्हणाले आणि पातेलं घासायला घेतलं.