सुकन्याची हाळी

मुरुडच्या शिवारात माझ्या शेताला लागून शिवमूर्तीचं शेत आहे. दोघांच्या मधे एक बांध, बांधावर एक बोर. त्या बोरीखाली उभं राहिलं की दोन्हीकडची ज्वारी सारखीच दिसते. आज जिचं गाणं हैदराबादेपासून नागपूरपर्यंत वाजतं ती सुकन्या, शिवमूर्तीची पोरगी, याच ज्वारीत वाढली. तिचा आवाज कोणत्या गुरूनं घडवला असं लोक विचारतात. मी सांगतो, चिमण्यांनी.

ज्वारीच्या कणसात दूध भरलं की पाखरं उतरतात. मग चार मेढी रोवून उंच माळा घालायचा, त्यावर कुणीतरी उजाडल्यापासून बसायचं आणि राखण करायची. गोफण हवीच, पण खरं हत्यार म्हणजे हाळी. सुकन्या आठ वर्षांची असल्यापासून शाळेच्या आधी आणि शाळेनंतर माळ्यावर बसायची. इतर पोरं नुसती ओरडायची, घसा बसवून घ्यायची. ही ओरडत नव्हती. हिची हाळी खालून उठायची, हळूहळू चढायची, वर जाऊन कणीस मोडल्यासारखी एकदम मोडायची आणि मग लांबवर उतरत जायची. चिमण्यांचा थवा उठायचा आणि त्याच वळणानं वळायचा. मी बैल थांबवून बघत राहायचो.

हाळी संपली की विहिरीकडून शिवमूर्तीचं उत्तर यायचं, “होऽऽ.” बस्स, एवढंच. पोरगी एकटी माळ्यावर आहे, ठीक आहे, हे बापाला कळायचं. बाप जवळ आहे हे पोरीला कळायचं. शिवमूर्ती तसा अबोल माणूस. लिंगाची पूजा, शेत आणि दिवसाला मोजून वीस शब्द. त्यातले निम्मे या “होऽऽ”त जायचे.

बारावीनंतर सुकन्या शिकायला नांदेडला गेली. तिथं युवक महोत्सवासाठी निवड होती. हिनं गाऊन दाखवलं. निवडणारे सर म्हणाले, “आवाज चांगला आहे, पण शेतातला आहे. जरा घरात आण.”

ती वसतिगृहात परतली ती थेट उशीत तोंड खुपसून पडली. खोलीत तिची मैत्रीण होती, नायगावची स्वप्नाली. कॉम्प्युटर शिकणारी, कानाला सदा हेडफोन, लॅपटॉपवर ढोलक-ताशे जुळवत बसणारी पोरगी.

“काय झालं गं?”

“सर म्हणले आवाज घरात आण.”

“नको आणू बाई. घराच्या काचा फुटतील.”

सुकन्या रडता रडता हसली. स्वप्नाली म्हणाली, “ऊठ. ती पाखरं हाकलायची हाळी एकदा करून दाखव मला.”

वसतिगृहात जुन्या गाद्यांची एक खोली होती. गाद्यांमुळे तिथं आवाज घुमत नसे. दोघी तिथं शिरल्या, मोबाईलवर हाळी टिपली. स्वप्नालीनं तिच्याखाली ठेका घातला, असा ठेका की बसलेल्याचा पाय आपोआप हलावा. शब्द सुकन्यानं लिहिले:

दाणा माझा, चोच तुझी,
काळी आई दोघांची,
खा रं पाखरा, थोडं ठेव,
थाळी मांडायची उद्याची.

गाण्यात एका जागी त्यांचं भांडण झालं. हाळी उतरल्यावर सुकन्यानं थोडी जागा रिकामी सोडली होती. ठेका बंद, सूर बंद, काहीच नाही.

“इथं लोकाला वाटंल मोबाईल बंद पडला. ढोल घालते मी,” स्वप्नाली म्हणाली.

“न्हाई. ती जागा तशीच राहू दे.”

“कशासाठी पण?”

“तिथं अप्पा असतात.”

स्वप्नालीला काही कळलं नाही, पण तिनं ढोल घातला नाही.

गाणं त्यांनी मोबाईलवरून सोडलं. आणि बघा, पाच महिन्यांत काय झालं! उसाच्या ट्रॅक्टरवर तेच, केस कापायच्या दुकानात तेच, बिलोलीच्या वरातीत तेच, लातूरच्या बसस्थानकातल्या रसवंतीवर तेच. लहान लेकरं शाळेत जाताना ती हाळी घालायची आणि मोडायच्या जागी त्यांचे चिरके आवाज फुटायचे. एकदा मी औषधाच्या दुकानात उभा होतो. गाणं लागलं, तर दुकानदारानं गोळ्या मोजायचं सोडून ठेका धरला. मी म्हणालो, “ही आमच्या बांधावरची पोरगी हाय.” त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “काका, आजकाल सगळेच म्हणतात.”

मग पुण्याची एक कंपनी आली. तिचे साहेब तरुण, भले, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं, लातुरात मोठा कार्यक्रम करू, मोबाईलवर सगळ्यांना थेट दाखवू. मैदान भरलं तर पुढची तीन गाणी कंपनी काढणार. नाही भरलं तर करार तिथंच संपला. सुकन्यानं सही केली. शिक्षणाचं शेवटचं वर्ष, घरी अजून कुणाला धड पटलेलं नाही की हे पोटापाण्याचं काम असतं. तिच्यासाठी सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं.

तारीख साहेबांनी ठरवली. पोस्टर छापून आलं तेव्हा तिनं ती पाहिली. तिनं लगेच फोन लावला.

“सर, त्या दिवशी येळवस हाय.”

“म्हणजे?”

“वेळ अमावस्या. सर, त्या दिवशी लातुरात कुत्रंसुद्धा राहत न्हाई.”

साहेब हसले. “अगं, मी चौकशी केलीय. अमावस्या म्हणून मैदान मोकळं मिळालं आणि कलेक्टरांनी सुट्टी दिलीय. पब्लिकला सुट्टी, मैदान मोकळं, आणखी काय पाहिजे?”

आता या माणसाला कसं समजवायचं? आमच्याकडं कलेक्टर सुट्टी देतात ती लोकांनी गावात बसावं म्हणून नाही, शेतात जावं म्हणून देतात. त्या दिवशी ज्वारीत कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, उभारतात, आत पाच दगडांचे पांडव आणि लक्ष्मी मांडतात, आंबील, हिरव्या पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं डोक्यावर घेऊन घरंच्या घरं रानात निघतात. ज्याला शेत नाही त्याला दहा जण ओढून नेतात. बाजार बंद, रस्ते ओस. तिनं साहेबांना हे सगळं सांगितलं, पण लाइटवाले, कॅमेरेवाले, सगळे ठरून गेले होते. तारीख हलली नाही.

तिनं घरी फोन केला. “अप्पा, तुम्ही तरी या.”

शिवमूर्ती म्हणाला, “लक्ष्मी शेतात मांडून, तिला सोडून कसं यावं?”

मागून नागम्मा, तिची अव्वा म्हणजे आई, ओरडली, “तीन वरसं झाली, पोरगी येळवशीला न्हाई. तिलाच म्हणावं, ये.”

आला तो दिवस. लोकांना तीनला बोलावलेलं, पाचपासून मोबाईलवर थेट. दुपारी दोन वाजता मैदानात लाल खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, भलं मोठं स्टेज, आणि माणूस एक नाही. चहाची गाडीसुद्धा अकरालाच उठून गेलेली.

“कर्फ्यू लागलाय का?” साहेबांनी घाम पुसत विचारलं.

डीजेच्या गाडीचा ड्रायव्हर बोनेटवर बसला होता. तो म्हणाला, “मी बिलोलीचा हाव म्हणून हितं हाव साहेब. लातूरचा असतो तर मीबी भज्जी खात बसलो असतो.”

साहेब खुर्चीत बसले. “सुकन्या, कंपनीला मी काय दाखवू? या खुर्च्या? पुढची गाणी विसर आता.”

सुकन्यानं त्या खुर्च्यांकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, “सर, पब्लिक हाय. फक्त हितं न्हाई. ते हितं येणार न्हाईत, आपण तिकडं जाऊ.”

“कुठं?”

“आमच्या रानात. मुरुडला.”

“स्टेज कुठंय तिथं?”

“हाय. चार मेढीचं.”

स्वप्नालीनं तोवर लॅपटॉप पिशवीत कोंबलासुद्धा. साहेबांकडं दुसरा उपाय नव्हता. डीजेची गाडी, कॅमेरेवाल्यांची जीप असे सगळे निघाले. एरवी तासाभराचा रस्ता. पण येळवशीला शेतावरून कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत हे साहेबांना कुठं माहीत! पहिल्याच वळणावर दोन बायांनी गाडीपुढं हात पसरले.

“आंबील घेतल्याबिगर जायचं न्हाई.”

“ताई, आम्हाला घाई आहे हो.”

“घाई हाय तर उभ्यानं घ्या.”

साहेबांनी तांब्या तोंडाला लावला. पुढच्या शेतात भज्जी आणि भाकरी. तिसऱ्या शेतात एका म्हाताऱ्यानं जीपची चावीच काढून घेतली आणि खीर संपल्यावर परत दिली. साहेब ढेकर देत होते आणि घड्याळ बघत होते. शेवटी तर त्यांनीच विचारलं, “ती हिरवी भाजी अजून मिळेल का?”

साडेचारला गाड्या आमच्या शेताकडं जाणाऱ्या चिंचोळ्या पांदीत वळल्या. पण आदल्या दिवशी मी गव्हाला पाणी दिलं होतं आणि ते पांदीत उतरलं होतं. काळी माती ती, ओली झाली की कुणाची नाही. डीजेच्या गाडीचं मागचं चाक अर्धं रुतलं. ड्रायव्हरनं जोर लावला, तर चाक आणखी खाली. मी कोपीतून हे बघत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

“संपलं,” साहेब म्हणाले. “पंधरा मिनिटं राहिली. पब्लिक नाही, साउंड नाही.”

सुकन्यानं चपला काढल्या. ज्वारीतून धावत गेली. शिवमूर्ती कोपीपुढं बसला होता, तो उठून उभा राहिला. आगाप, म्हणजे लवकर पेरलेल्या ज्वारीला दाणा भरत आला होता, म्हणून माळा घातलेलाच होता. ती काही न बोलता वर चढली. गळ्याशी हात नेला, श्वास घेतला आणि हाळी घातली.

ना माईक, ना ठेका. ती हाळी खालून उठली, चढली, मोडली आणि बोरीवरून, विहिरीवरून, चार शेतांपलीकडच्या लिंबावरून उतरत गेली. चिमण्यांचा थवा उठला आणि त्याच जुन्या वळणानं वळला.

आधी शेजारच्या कोपीतून एक डोकं वर आलं. मग दुसऱ्या. जेवून आडवे झालेले लोक उठून बसले.

“आरं, हे तर मोबाईलमधलं गाणं!”

“मोबाईलमधलं कुठलं, शिवमूर्तीची पोरगी हाय ती!”

तिनं दुसरी हाळी घातली, तिसरी घातली. आणि मग चहूबाजूंनी ज्वारी हलायला लागली! बांधाबांधावरून माणसं येत होती, बाया डोईवरचा पदर धरून पळत होत्या, लेकरं खांद्यावर. आयुष्यभर जिच्या हाळीनं या रानातून पाखरं उठली, तिच्याच हाळीनं त्या दिवशी माणसं गोळा झाली. पन्नास-शंभर गडी डीजेच्या गाडीला भिडले. “हर हर महादेव” म्हणून एकच रेटा दिला आणि गाडी चिखलातून उचलल्यासारखी वर आली. ड्रायव्हर आत बसलेलाच होता. तो नंतर म्हणाला, गिअर टाकायची वेळच आली नाही.

पाचला एक मिनिट कमी असताना स्वप्नालीनं वायर जोडली. माईक वर दिला. कॅमेरेवाला बोरीच्या फांदीवर चढला, काटे टोचले तरी हलला नाही. मैदानात जेवढ्या खुर्च्या होत्या त्याहून जास्त माणसं माळ्याभोवती उभी होती आणि मागून अजून येतच होती. ठेका सुरू झाला. रान नाचायला लागलं! सत्तरीच्या केवळाबाईनं रिकामी घागर डोक्यावर घेऊन फेर धरला. साहेबांच्या बुटात चिखल गेला होता, त्यांनी बूट हातात घेतले आणि तसेच नाचले.

मग ती जागा आली. हाळी उतरली, ठेका थांबला. एवढी माणसं, सगळी नाचायची थांबली. सुकन्यानं खाली बघितलं. मीही शिवमूर्तीकडं बघितलं. तो माळ्याच्या मेढीला धरून उभा होता, मान खाली. सगळ्या गावासमोर हा अबोल माणूस तोंड उघडेल असं मला वाटलं नाही.

त्यानं मान वर केली. “होऽऽ.”

आवाज थोडा फाटका होता. पण तो बरोबर त्या जागेवर बसला, खुंटीवर दोर बसावा तसा. माईकवर नुसता सुकन्याचा श्वास ऐकू आला. मग ती अशी गायली की विचारू नका.

खाली लॅपटॉपपाशी स्वप्नाली डोळे पुसत म्हणाली, “आत्ता कळलं. ढोल घातला असता तर मी मेले असते.”

त्या संध्याकाळी किती लाख लोकांनी ते बघितलं ते साहेब सांगत होते, मला आकडे कळत नाहीत. पण अंधार पडायच्या आधीच कंपनीचा फोन आला आणि साहेबांनी तो कानाला लावून चिखलात उडी मारली, एवढं मी पाहिलं. तीन गाणी ठरली. नागम्मानं फक्त विचारलं, “गाणी म्हणायचीच तर उपाशी कशाला? जेवली का तू?” आणि पोरीला कोपीत बसवून ताट वाढलं.

आता तिचा कार्यक्रम कुठंही असो, ती जागा आली की समोरचे हजारो लोक एका आवाजात “होऽऽ” म्हणतात. मी नांदेडच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मीही म्हणालो, जीव तोडून. शेजारचा पोरगा मला म्हणाला, “काका, जरा हळू.”

त्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो तेव्हा शिवमूर्ती ज्वारीत उभा होता. माळ्याभोवतीची चांगली दहा-बारा गुंठे ज्वारी आडवी झाली होती. मी म्हणालो, “शिवमूर्ती, लई नुकसान झालं रं.”

त्यानं ज्वारीचं एक आडवं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “पुढच्या येळवशीसाठी माळ्याभोवती जागा सोडायची, पेरायचंच न्हाई.”

त्याच्या मानानं हे भाषणच झालं.