खेळायला घेतलेला कॉम्प्युटर

गेल्या वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मी गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. घरात लगेच कुणाला सांगितलं नाही. मी सोलापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून लोकांचं रक्त काढायचं आणि दुपारी रिपोर्ट तयार करायचे, हे माझं काम. घरी अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे वडील आणि आई. अप्पांनी तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर म्हणून काढली. माग बंद पडला की जॉबरला हाक मारायची आणि त्यानं तो चालू करून द्यायचा. आता गुडघे दुखतात म्हणून ते घरीच असतात.

लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक सायबर कॅफे होता. माझे चुलतभाऊ शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचे आणि त्यांना जेवायला बोलवायला मला पाठवलं जायचं. मी चपला न काढता दारात उभी राहायची आणि त्यांचा खेळ संपेपर्यंत पडद्याकडं बघायची. कधी गाड्या पळत असायच्या, कधी कुणी भिंतीवरून उड्या मारत असायचं. आत येऊन बस असं कुणी म्हटलं नाही, मीही कधी विचारलं नाही. मुली तिथं जात नव्हत्या, एवढंच. पुढं शिक्षण, नोकरी, अव्वाचं ऑपरेशन यात ते मागं पडलं. फोनवर छोटे गेम खेळायची, तेही बसमध्ये, शेजारच्याला दिसणार नाही असा फोन तिरका धरून.

लॅबमधल्या आम्हा बायकांची भिशी माझ्या नावावर निघाली, तेव्हा हातात पंचेचाळीस हजार आले. अव्वाला वाटलं मी बांगड्या करीन. मी दोन महिने डबा खाताना व्हिडिओ बघत होते आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर पार्टची नावं लिहून खोडत होते. तयार कॉम्प्युटर महाग पडत होता, म्हणून एकेक पार्ट घेऊन जोडायचा. पण एक बदलला की दुसराही बदलायला लागायचा. प्रोसेसर चांगला घेतला तर त्याला चालणारा मदरबोर्ड महाग, आणि दोन्ही घेतले तर ग्राफिक्स कार्डाला पैसे उरत नाहीत. चित्र पडद्यावर सुरळीत हलायचं असेल तर ग्राफिक्स कार्डावर हात आखडायचा नाही, असं सगळेच सांगत होते. नवं कार्ड काही माझ्या पैशात बसेना.

शेवटी एका शनिवारी सात रस्ता चौकातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं यादी हातात घेतली, वरून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे कुणासाठी?"

"भाच्यासाठी," मी म्हणाले. मला भाचा नाही.

"मग हे कॅबिनेट घ्या. लायटिंग आहे, पोरगं खूश होईल. पॉवर सप्लाय आतच बसवलेला येतो, वेगळा घ्यायला नको."

कॅबिनेटच्या काचेतून निळे-जांभळे दिवे फिरत होते. भाचाच नसल्यामुळं त्याला काय आवडेल यावर मला वाद घालता येईना. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि ते दिव्यांचं कॅबिनेट, एवढं मी बुक करून आले. बाहेर पडल्यावर स्वतःचाच राग आला. खोटं बोलायची काही गरज नव्हती.

जुन्या वस्तूंच्या एका साइटवर सोलापूरजवळच्या मंद्रूप गावातल्या एका माणसाची जाहिरात दिसली. तीन वर्षं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड, बिल आणि खोक्यासकट. अनोळखी माणसाच्या घरी एकटीनं जायचं नव्हतं, म्हणून अप्पांना सांगितलं की कॉम्प्युटरचा एक पार्ट बघायला जायचंय. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. टोपी घातली, खिशात टेस्टर टाकला आणि स्कूटीवर मागं बसले.

मंद्रूपला त्या माणसाचं घर गावाच्या कडेला होतं, मागं ज्वारीचं रान. तो माझ्याच वयाचा. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत आलेला, आता शेती बघत होता. त्याच्या आईनं ओसरीवरून "बर्री, कुंद्रि" म्हणून बसायला सांगितलं आणि अप्पांचं लगेच तिच्याशी कन्नडमध्ये बोलणं सुरू झालं. पाच मिनिटांत दोघांना एक समान नातेवाईक सापडला.

त्या माणसानं कार्ड आधीच कॉम्प्युटरमध्ये बसवून ठेवलं होतं. "नुसतं हातात घेऊन काय कळत नाही ताई. अर्धा तास चालवून दाखवतो, मग ठरवा," तो म्हणाला. त्यानं एक गेम चालू केला आणि कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसेल असं लावलं. आकडा चढत गेला आणि एका जागी थांबला. पंख्याचा आवाज एकसारखा होता. अप्पा उठून आले, डोळे मिटून कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग चांगलं हाय."

"भाऊ कुठले गेम खेळतो?" त्यानं मला विचारलं. दुकानातला भाचा आता भाऊ झाला होता. फोनवर मीच तसं सांगून ठेवलं होतं. "शूटिंगवाले का मोठ्या नकाशात फिरायचे? त्यावर ठरतं, हे कार्ड पुरेल की नाही."

मला उत्तर माहीत होतं. पण ते भावाच्या तोंडी घालून सांगायचा एकदम कंटाळा आला.

"भाऊ नाही. मीच खेळणार आहे," मी म्हणाले. "फिरायचे. मोठ्या नकाशात फिरायचे."

अप्पा माझ्याकडं बघायला लागले. तो माणूस मात्र जराही थबकला नाही. "मग पुरेल की," म्हणाला. "बाकी काय काय घेतलंय?"

मी रजिस्टरचं पान दाखवलं. तो एकेक ओळ वाचत गेला, मान हलवत गेला, आणि कॅबिनेटपाशी थांबला. "सप्लाय कुठला?"

"आतच बसवलेला येतो."

त्यानं कागद खाली ठेवला. "मग मी कार्ड देत नाही."

मला वाटलं किंमत वाढवायचा हा डाव आहे. तसं मी बोललेही. तो शांतपणे म्हणाला, "किंमत तीच. पण त्या सप्लायला या कार्डाची वायरच नसणार. दुकानदार दुसऱ्या वायरीला जोड देईल, चालेल म्हणेल, आणि चालेलही महिनाभर. मग एक दिवस जळंल. कार्ड जाईल, बोर्ड पण जाईल. वर तुमी म्हणणार, मंद्रूपच्या माणसानं फसवलं."

अप्पांनी त्याच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडायला लावलं. सप्लायचा डबा कुठला, त्यातून कार्डाला जाणारी जाड वायर कुठली, ते विचारून घेतलं. मग मला म्हणाले, "बरोबर बोलतोय पोरगा. शेडमधी शेट लोक हलक्या वायरीवर चार-चार माग चालवायचे. जळलं की जॉबरला शिव्या. लोड बघूनच वायर घ्यायची असती."

"आठ दिवस कार्ड ठेवतो," तो माणूस म्हणाला. "आधी सप्लाय बदला. मग घेऊन जावा." आम्ही पैसे न देताच निघालो. त्याच्या आईनं मात्र भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

फाट्यावरून स्कूटी सोलापूरच्या रस्त्याला लागली. अप्पा मागून म्हणाले, "तुला खेळायला पाहिजे, हे आदी सांगायचं की."

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतो," ते म्हणाले. "मग आलोच असतो की सोबत."

सोमवारी लॅब सुटल्यावर मी परत दुकानात गेले. कॅबिनेट बदलून हवं आणि सप्लाय वेगळा, साडेपाचशे वॅटचा, चांगल्या कंपनीचा हवा, असं सांगितलं. दुकानदार नाराज झाला. "भाचा रुसेल मॅडम. साध्या डब्यात काय मजा?"

"भाचा नाही. माझ्यासाठी आहे," मी म्हणाले. दुसऱ्यांदा बोलायला सोपं गेलं. त्यानं "असं का" एवढंच म्हटलं आणि वरच्या फळीवरून सप्लाय काढायला स्टूल ओढलं. तो डबा हातात घेतला तेव्हा चांगला जड लागला. साध्या काळ्या कॅबिनेटमुळं थोडे पैसे वाचले, तरी हिशोब बसेना. शेवटी मी यादीतला मॉनिटर खोडला. हॉलमध्ये टीव्ही होताच.

गुरुवारी मंद्रूपहून कार्ड आणलं. मधल्या दिवसांत दुसरं एक गिऱ्हाईक हजार रुपये जास्त देत होतं, हे मला त्या माणसाच्या आईकडून कळलं. तो स्वतः काही बोलला नाही.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर घालून आम्ही जोडणीला बसलो. अव्वा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. प्रोसेसर मी बसवला. रोज बारीक शिरेत सुई घालणाऱ्या हातांना ते जमलं. रॅमच्या पट्ट्या मात्र अंगठ्यानं बऱ्यापैकी जोर लावून दाबायच्या असतात आणि माझा धीर होईना. त्या अप्पांनी दाबल्या. खटकन आवाज आला तेव्हा मी डोळे मिटले होते. वायरी अप्पांनी अशा बांधल्या की आतलं सगळं मोकळं दिसत होतं.

टीव्हीला जोडून बटण दाबलं. पंखे फिरले. टीव्हीवर 'सिग्नल नाही' एवढंच. बंद करून परत चालू केलं. तेच. दोन तास आम्ही सगळं काढून परत बसवलं. अव्वा म्हणाली, "बांगड्या तरी राहिल्या असत्या." दुकान रविवारी बंद. शेवटी मंद्रूपला फोन लावला.

"पंखे फिरतायत का? बरं. टीव्हीची केबल कुटं लावलीय?"

"मागं. वरच्या बाजूला."

"वर बोर्डाचं भोक असतं. तुमच्या प्रोसेसरला तितनं चित्र देता येत नाही. खाली कार्डाला लावा."

मी केबल काढून एक वीत खाली लावली. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. अप्पा खुर्चीत मागं टेकले आणि पाय लांब केले. फोनवर तो माणूस "आलं का?" विचारत होता.

गेम आणि बाकी सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून होईपर्यंत दुपार झाली. चारला अव्वाची मालिका असते, तोवर टीव्ही माझा होता. मी खूप वाईट खेळले. पहिल्या दहा मिनिटांत घोड्यावरून पडले, नदीत वाहून गेले आणि एका म्हाताऱ्याच्या घरात चुकून घुसून मार खाल्ला. अप्पा खुर्चीतच झोपी गेले होते. अव्वा शेंगा सोलायला म्हणून येऊन बसली. पडद्यावर डोंगराची वाट होती, कडेला पिवळी फुलं. मी घाईनं घोडा पुढं काढत होते.

"एवढं पळवतीस कशाला?" अव्वा म्हणाली. "जरा हळू ने की. ती फुलं कसली हायत, बघू दे."

मी घोड्यावरून उतरले आणि पायी चालायला लागले.