पुंजारामाचा निवांत बँड

पुंजाराम चितेगावचा, पैठण रोडवरच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण क्रीडन्स या अमेरिकन रॉक अँड रोल बँडबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की गडी अंगावर यायचा. आणि वाकडा शब्द काढायला युसूफभाई होताच.

युसूफभाईचं क्रांती चौकाजवळ कॅसेटी भरून देण्याचं दुकान. कुण्या परदेशी पाहुण्याने वेरूळच्या गाईडला दिलेली क्रीडन्सची कॅसेट फिरत फिरत त्याच्याकडे आली. तिच्यावरून त्याने पुंजारामाला एक भरून दिली, आणि तेव्हापासून दर रविवारी दोघांची जुंपायची.

"ये कैसा बँड है, पुंजाभाऊ? सोते सोते गा रहे," युसूफभाई म्हणायचा. "जरा जोर तो लगाना."

"तुमालाच घाई लई, युसूफभाई. भरलेली मोट वर येताना बैल कसे दमानं चालतेत, तसा ठेका हाय यांचा. उगं वढाताण नाय."

पोरवयात त्याने मोट हाकली होती, तेव्हा या बाबतीत तो कुणाचं ऐकणार नव्हता. तसं त्याचं बरं चाललं होतं. पगार वेळेवर, थोडं शेत, बायको आशाबाई हसतमुख. फक्त युसूफभाईने एकदा आपल्या तोंडाने हार कबूल करावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो कितीही रविवार घालवायला तयार होता.

दिवाळीच्या तोंडावर युसूफभाईने नवं मशीन घेतलं. रविवारी पुंजाराम आल्यावर चहा सांगून त्याने कौतुकाने त्यावर क्रीडन्सची ती मूळ कॅसेट लावली.

पुंजाराम उठून उभाच राहिला. गाणं धावत होतं. गाणाऱ्याचा जाड, भारदस्त गळा पार बारीक, धारदार झाला होता.

युसूफभाईने कपाळावर हात मारला. चांगलं मशीन कायम हिंदी गाण्यांना आणि कव्वालीला लागायचं, म्हणून इंग्रजी कॅसेट तो मागच्या टेबलावरच्या जुन्या मशीनवर लावायचा. त्याचा पट्टा सैल झालेला, आणि पुंजारामाची कॅसेटही त्याच्यावरूनच भरलेली. ते हळू फिरतंय हे कुणाला कळणार? खऱ्या वेगातलं गाणं दोघांनीही कधी ऐकलेलं नव्हतं.

गाणं संपेपर्यंत युसूफभाईची बोटं टेबलावर ठेका धरून होती. "जबरदस्त बँड है," तो म्हणाला. "हारलो मी, पुंजाभाऊ. तुमचंच खरं."

पुंजारामाचा चेहरा मात्र उतरला. इतकी वर्षं तो ज्या बँडची बाजू लढवत होता, तो अमेरिकेत नव्हताच. तो युसूफभाईच्या मागच्या टेबलावर होता. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"लई पळतेत," तो म्हणाला. "दम नाय यांना."

"आता तुम्हीच नावं ठेवता?" युसूफभाई हसायला लागला. "आणा तुमची कॅसेट, नीट भरून देतो."

"नको. माझी हाय तशी ऱ्हाऊ द्या. अन् ते जुनं मशीन मोडीत घालू नका."

युसूफभाईने मान डोलावली. चहा पिऊन पुंजाराम निघाला, आणि दारात थांबला.

"हारलो म्हणले न्हवं तुमी?"

"म्हणलो की."

"मंग एकदा परत म्हणा. मघाशी वाईट वाटायच्या नादात मजा घ्यायची ऱ्हाऊन गेली."