डोंगरातून उत्तर देणारं यंत्र

सौदीतल्या जिझानच्या प्रोजेक्टवर असताना एका शुक्रवारी सकाळी मी आणि आमचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचे एक चाचा, डोंगरात चालायला गेलो. उतरताना धुकं आलं आणि चाचांचा पाय मुरगळला. मोबाइलला रेंज नव्हती.

"तू वर जाऊन बघ. मी बसतो इथं," ते म्हणाले.

वरही रेंज नव्हती. परत फिरलो, तर चाचा ज्या दगडाला टेकून बसले होते तो दगडच सापडेना. सगळे दगड सारखेच दिसायला लागले. मी हाका मारत होतो आणि माझाच आवाज भलत्याच बाजूंनी परत येत होता. पाऊण तासाने खालून कुठूनतरी खोकला ऐकू आला. त्यांना खांद्याचा आधार देत गाडीपर्यंत आणलं.

अल-खोबरला घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सॅटेलाइटचं यंत्र घेतल्याशिवाय आता डोंगर नाही."

अशी यंत्रं विकणाऱ्या दुकानातल्या ओळखीच्या केरळी सेल्समनची नोकरी सौदीकरणात, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घेण्यात, गेली होती. त्याच्या जागी आलेल्या सौदी गृहस्थाने दोन यंत्रं पुढे ठेवली. एकात नुसतं संकटाचं बटण होतं. दाबलं की आपलं ठिकाण बचाव केंद्राला कळणार. दुसऱ्यात नकाशा होता आणि संदेशांची देवाणघेवाण करता येत होती, पण ते सतत चार्ज करावं लागणार होतं. मला पहिलं आवडलं. भानगड कमी.

"बटण दाबल्यावर कुणी येतंय की नाही, हे तुला कोण सांगणार?" सोबत आलेल्या बायकोनं विचारलं.

मला चाचांचं गाडीतलं बोलणं आठवलं. पायाचं काही नाही, तू येतोयस की नाही तेच कळत नव्हतं, असं ते म्हणाले होते. दुसरं घेतलं.

नोंदणी करताना संकटात कळवायचे दोन नंबर भरायचे होते. पहिला बायकोचा. दुसरा ऑफिसचा लिहायला गेलो आणि हात थांबला. त्याच महिन्यात आमच्या विभागातल्या दोघांना फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी संपवून कायमची मायदेशी पाठवणी, मिळाली होती आणि पुढची यादी येणार अशी कुजबुज होती. उद्या मीच तिथं नसलो, तर फोन उचलणारा मला ओळखणार कसा? आणि बायकोचा इकामा, इथं राहण्याचा परवाना, तर माझ्याच नोकरीवर.

शेवटी चाचांना फोन केला.

"टाक माझा नंबर," ते म्हणाले. "पण मी तरी इथं किती दिवस, ते मला ठाऊक नाही."

पुढच्या शुक्रवारी धाहरानबाहेरच्या टेकड्यांत यंत्र वापरून पाहिलं. बायको गाडीत थांबली. मी टेकडीमागे जाऊन तिच्या मोबाइलवर 'पोचलो' असं पाठवलं. पाच मिनिटं पडद्यावर काहीच हललं नाही. मग तिचं उत्तर आलं, "दिसत नाहीयेस. परत ये."

आणखी थोडं पुढे जायचं ठरवलं होतं. गेलो नाही.