शिंप्यानं शिवलेली मतपेटी

जामखेडच्या बाजारातला तो शिंपी मला रोज चहा पाजायचा आणि वर अक्कलही शिकवायचा. एकाहत्तरच्या निवडणुकीनंतर कोणी कोणाला मत दिलं, याचा अभ्यास करत मी गावोगाव हिंडत होतो. पाटलांच्या ओसरीवर बसून भरलेले प्रश्नावलीचे कागद मी त्याला ऐटीत दाखवले.

त्यानं दातांनी दोरा तोडला. "सायेब, पाटलांच्या ओसरीवर पाटलांचंच मत मिळनार. अन् बाया कुठं हायेत ह्यात?"

मला राग आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मांजरपाटाची पिशवी शिवली. तोंड टाके घालून बंद, वर फक्त चिठ्ठीपुरती चीर. मापाचं झंपर घेऊन आलेल्या बायकांना तो निवडणूक चिन्हांची चिठ्ठी द्यायचा, "खूण करा अन् टाका" म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

आठवड्यानं मी पिशवी उसवली. कुणाची खूण एका चिन्हावर, कुणाची दुसऱ्याच; एकही चिन्ह सुटलं नव्हतं. मी हरखून हाक मारली, "अहो, बघा तरी!"

तो भिंतीकडे वळला होता. "गिऱ्हाइकाचं माप मी दुसऱ्याला सांगत न्हाई, मत तर बघतबी न्हाई," तो म्हणाला. "पिशवी तेवढी फाडू नका. फुडच्या इलेक्शनला लागंल."