गाझासाठी गोधडी

पॅलेस्टिनी लोकांच्या पाठिंब्यासाठी आमच्या नाट्यसंस्थेने सभा ठेवली होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. गाणी झाली, मी निवेदन वाचलं. असं निवेदन याआधीही वाचलं होतं आणि तिकडे बॉम्ब पडायचे थांबले नव्हते. वाचताना माझा मलाच कंटाळा आला.

मंचावरून आत आलो तर आमच्या ज्येष्ठ अभिनेत्री वसुधाताई विंगेत गोधडी शिवत बसलेल्या. नाटकातली जुनी लुगडी फाडून गाझातल्या लेकरांसाठी शिवलेली ती गोधडी शेवटी मंचावर टांगायची होती.

"ताई, ही काही तिथवर पोचायची नाही."

"माहीत आहे रे," त्या म्हणाल्या.

मी शेजारी टेकलो. एवढ्या लांबच्या दुःखाला आपण कलावंत देतो तरी काय? गाणं, चित्र, चार शब्द. त्यातलं काहीच कुणाच्या अंगावर पांघरता येत नाही.

ताईंनी शेवटचा टाका घातला, त्यावरून बोट फिरवलं आणि तो उसवला. गाठ आतल्या बाजूला घेऊन त्या पुन्हा शिवू लागल्या.

"अहो, मंचावर तर टांगायची आहे. कोण बघतंय?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "गाठ टोचते रे बाळाला."