मले बी कर लावा

बायको गेल्यावर देवळीचं घर खायला उठायचं. म्हणून पिपरी मेघेच्या पुढे एका नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. म्हटलं, माणसांत राहू. कसलं काय! अख्ख्या लेआउटमध्ये घर एकच, ते माझं. बाकी नुसतं कमरेएवढं गवत. शेजारची वस्ती मात्र भरलेली, मधे फक्त एक धुरा, म्हणजे जुन्या शेताचा बांध.

त्या वस्तीनं ग्रामसभेत वेगळा कर मंजूर करून घेतला. ज्यांच्या दारापुढून सिमेंटचा रस्ता आणि नाली जाणार, त्यांनीच तो घरपट्टीसोबत भरायचा. बाकी गावावर बोजा नाही. रस्ता धुऱ्यापर्यंत आला आणि थांबला. पुढे माझ्या दारापर्यंत काळा चिखल.

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला मी ओट्यावर ताट घेऊन बसलो होतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकं लावलेले लाकडी बैल ओढत घरोघर येतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात. हसण्याखिदळण्याचे आवाज धुऱ्यापर्यंत आले आणि परत फिरले. चिखलात चाकं कशी चालणार? फार एकटं वाटलं मला त्या दिवशी.

मग मी ग्रामपंचायतीत गेलो. म्हटलं, "मले बी लावा तो कर. रस्ता माह्या दारापर्यंत आना."

तिथला बाबू हसायलाच लागला. "काका, लोकं कर कमी करा म्हनून भांडतात, अन् तुमी मांगून राह्यले?"

"मंग लावा ना!"

"तुमचा लेआउट अलग आहे, त्यांच्यात कसं घेऊ तुमाले? अन् तुमच्याकडं वेगळा लावला तं भरनार कोन? तुमी एकलेच. एकल्या मानसाच्या करात रस्ता होते का?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच जास्त राग आला. डोंबलाचा हिशेब!

यंदा ठरवलं, पोरं येत नाहीत तर आपणच जाऊ. चॉकलेटांचं ताट घेऊन चिखल तुडवत गेलो आणि सिमेंटच्या टोकाशी उभा राहिलो. पोरं आली. बैलांना कुंकू लावलं, एकेकाच्या हातावर चॉकलेट ठेवलं. त्यांच्याशी बोलताना माझाच आवाज मला नवा वाटला.

एका चिमुरडीनं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "आजोबा, तुमी कोनाकडं पाहुने आले?"

"पाहुना नाई व बाई, इथलाच आहो," मी म्हटलं आणि धुऱ्यापलीकडचं घर दाखवलं.

तिनं डोळे मोठे केले. "तिथं कोनी राह्यते?"